मदत हवी आहे : पाणी नितळ होतंय, मासे रोडावतायत. तलाव सुधारला म्हणू की बिघडला?

पाणकणीस
नमस्कार. घाईत लिहितेय, सोमवारी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण द्यायचंय. गोड्या पाण्याच्या एका मोठ्या तलावाची पाच वर्षांची माहिती हाताशी आहे. सेकी डिस्क (नितळपणा मोजायला पाण्यात सोडतात ती तबकडी) वर्षागणिक जास्त खोलवर दिसतेय, क्लोरोफिल, म्हणजे शेवाळाचं माप, कमी झालंय. पण माशांचा के, म्हणजे लांबीच्या मानाने मासा किती भरलेला आहे त्याचा आकडा, पहिली तीन वर्षं १.५ च्या आसपास होता, तो शेवटच्या दोन वर्षांत १.३ वर आलाय. मार्गदर्शक म्हणतात, पाणी सुधारलं असं लिही आणि माशांचा तक्ता परिशिष्टात टाक. मला ते अजिबात पटत नाहीये. मासे उपाशी असतील तर तलाव निरोगी कसा? कुणी यावर काम केलंय का? लवकर सांगा प्लीज.

जुनं वल्हं
के म्हणजे फुल्टनचा ना? ग्रॅममधलं वजन भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन, गुणिले १००? मासा कोणता ते लिहिलंच नाहीये तुम्ही. कशाने पकडले? लांबी शेपटीच्या टोकापर्यंत घेतली की खाचेपर्यंत? मधेच पद्धत बदलली असेल तर नुसत्या तेवढ्यानेही के हलतो.

पाणकणीस
हो, फुल्टनचाच. मासा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. गिलनेटने, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्याने पकडले. लांबी सगळी वर्षं टोकापर्यंतच. पण माझा प्रश्न मोजमापाचा नाहीये, पाणी आणि मासे उलट दिशांना का जातायत हा आहे.

हिमसरोवर
तुमची शंका रास्त आहे. नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी हे समीकरण उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांनी केव्हाच मोडीत काढलंय. ह्युरॉन आणि ईरी यांच्या मधल्या सेंट क्लेअर सरोवरात १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले, जहाजांच्या तोल सांभाळायच्या पाण्यातून आलेले. मागोमाग क्वागा शिंपले आले आणि खोल तळापर्यंत पसरले. त्यांनी पाणी इतकं गाळलं की मिशिगन, ह्युरॉन आरशासारखी झाली. पण जे गाळलं गेलं तोच सगळ्यांचा चारा होता. तळाशी डायपोरिया नावाचा कोळंबीसारखा छोटासा जीव असायचा, चरबीने भरलेला. तो बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला. त्यावर पोसलेला लेक व्हाइटफिश रोडावला आणि शिंपलेच खायला लागला, ज्यात कवच जास्त आणि सत्त्व कमी. २००३-०४ च्या सुमारास ह्युरॉनमधले एलवाइफ मासे कोसळले आणि त्यांच्यावर जगणारे चिनूक सामनही आटले. तुमच्या तलावात शिंपले वाढलेत का ते आधी बघा. माझी खात्री आहे, हेच असणार.

गाळ
हिमसरोवर, प्रत्येक धाग्यावर शिंपले कशाला? धागाकर्तीचा मासा कार्प आहे! कार्प तळातला गाळ तोंडात घेऊन चाळतो, पाणवनस्पती उपटतो, गाळातला फॉस्फरस वर आणतो. कार्प काढून टाकले की उथळ तलावांचं पाणी नितळ होतं, हे कितीतरी ठिकाणी करून पाहिलेलं आहे. म्हणजे पाणी बदललं म्हणून मासा बदलला असं नाही, माशामुळे पाणी बदललं. कार्पची संख्या घटली असणार, बाकी काही नाही.

हिमसरोवर
संख्या घटली असती तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त खाणं येऊन ते जाड झाले असते. इथे तर रोडावलेत. तुमचा तर्क अर्ध्यातच थांबतो. आणि मोठ्या, खोल तलावात उथळ तळ्याचे नियम लावू नका.

गाळ
खोल आहे हे कुठे लिहिलंय? "मोठा" म्हटलंय फक्त.

पाणकणीस
सरासरी खोली सहा मीटर. शिंपल्यांची वेगळी मोजणी केलेली नाही. कृपया भांडू नका, वेळ नाहीये.

थेंबभर
पर्यावरणीय डीएनए करा. एक बाटली पाणी गाळलं की कोणत्या जाती आहेत ते कळतं, एकही मासा मारावा लागत नाही. गिलनेटचे दिवस गेले आता. मी स्वतः करते, प्रचंड फरक पडतो.

जुनं वल्हं
थेंबभर, डीएनएवरून मासा आहे की नाही ते कळेल. रोड की जाड हे कसं कळणार? त्यांना वजनाचं कोडं पडलंय.

सूक्ष्मदर्शी
सांडपाणी येतं का तलावात? गर्भनिरोधक गोळ्यांमधलं संप्रेरक तपासा. कॅनडातल्या ऑन्टारिओमधे प्रयोगासाठी राखून ठेवलेले तलाव आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तलावात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं ते अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडलं होतं. फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशांच्या नरांत अंड्यातलं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि त्यांची संख्या कोसळली. ते खाणाऱ्या लेक ट्राउटचीही आबाळ झाली. पाणी दिसायला पहिल्यासारखंच होतं. मला तो प्रयोग आठवला की अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

रंगीतपर
माझ्या टाकीतले गोल्डफिश असेच बारीक होत होते. पोटात कृमी निघाले. औषध दिल्यावर महिन्यात भरले. तुम्हीही औषध देऊन बघा.

काठावरून
हे मासे लोक खातात का? मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या माशांत पारा साठत जातो. गरोदर बायकांनी जपायला हवं.

पाणकणीस
रंगीतपर, एवढ्या मोठ्या तलावाला औषध कसं देणार? बरं, पोटं उघडली होती, कृमींची नोंद नाही. पारा माझा विषय नाही. कुणीतरी मूळ प्रश्नाकडे या ना.

जुनं वल्हं
मूळ प्रश्नाकडेच येतोय, रागावू नका. दोन गोष्टी सांगा. पाचही वर्षं मासे कोणत्या महिन्यांत पकडले? आणि जाळ्याचा आस, म्हणजे एकेका भोकाचा आकार, किती होता?

पाणकणीस
पहिली तीन वर्षं विणीच्या आधी. नंतर परवानगी उशिरा मिळायला लागली म्हणून शेवटची दोन वर्षं विणीनंतर. जाळी जुनी फाटली म्हणून नवी घेतली, ती थोडी बारीक आसाची. हे सगळं 'साहित्य आणि पद्धती'त लिहिलंय, इथे लिहायची गरज वाटली नाही.

जुनं वल्हं
अहो, सगळी गोम तिथेच आहे!

विणीच्या आधी कार्पची मादी गाभोळीने भरलेली असते. वजनाचा मोठा भाग नुसती गाभोळी. पोट हाताला टणक लागतं, जरा दाबलं तर अंडी बाहेर येतात. वीण झाली की तीच मादी, तीच लांबी, पण पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबतं. के उतरणारच. ती उपाशी नाहीये, विऊन मोकळी झालीय.

दुसरं जाळ्याचं. गिलनेटमधे मासा अडकतो तो अंगाच्या घेरामुळे. बारीक आसात लांब मासा शिरून फसायचा तर तो सडपातळच हवा. त्याच लांबीचा जाडा मासा तोंडाशीच अडतो आणि मागे फिरतो. म्हणजे नव्या जाळ्याने तुमच्यासाठी रोड मासेच निवडून काढले. तुमचा १.५ आणि १.३ हे दोन वेगळ्या हंगामांतले, दोन वेगळ्या जाळ्यांतले आकडे आहेत. त्यावरून तलाव बिघडला असं म्हणता येत नाही.

पोट साफ केल्यानंतरची वजनं आहेत का? आणि जुन्या-नव्या संचांत एखादा आस सामाईक होता का?

गाळ
+१. हे मी आधी विचारायला हवं होतं.

पाणकणीस
(तीन तासांनी) पोटातल्या अन्नाचा अभ्यास होता, त्यामुळे साफ केल्यानंतरचं वजन प्रत्येक माशाचं वहीत आहे. ते घेऊन ३५ ते ४५ सेंमीचेच मासे निवडले. फरक निम्म्याहून कमी झाला. मग दोन्ही संचांत असलेल्या एकाच आसाचे मासे घेतले. आता थोडेच उरतात, आणि जो फरक दिसतो तो माशामाशांतल्या फरकापेक्षा मोठा नाही. मी आठवडाभर झोपले नाहीये यावर.

जुनं वल्हं
वही नीट ठेवलीत म्हणून हे सापडलं. आता हाच काटा पाण्यालाही लावा. क्लोरोफिल कधी मोजलं?

पाणकणीस
मासे पकडायच्या दिवशीच. म्हणजे तेही दोन वेगळ्या हंगामांतलं... सेकी मात्र दर महिन्याला, बाराही महिने, दुपारच्या आत, होडीच्या सावलीच्या बाजूने. दिसेनाशी होते ती खोली आणि परत दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी.

हिमसरोवर
मग नितळपणा वाढला एवढं ठामपणे लिहा, क्लोरोफिलचा दावा सोडा. आणि 'सुधारला' हा शब्द घालू नका. तलावांचा अभ्यासक कार्लसन याने १९७७ मध्ये सेकीवरून पोषणस्थितीचा निर्देशांक दिला, पण पाण्यात शेवाळ किती हे सांगण्यासाठी. पाणी चांगलं की वाईट हे त्यातून ठरत नाही, असं त्याचंच म्हणणं आहे. शिंपल्यांबद्दल मी घाई केली, पण तळ एकदा खरवडून बघाच.

जुनं वल्हं
कानातले खडे ठेवलेत का? ऑटोलिथ?

पाणकणीस
हो, सगळ्या माशांचे. कागदी पाकिटांत. वय काढायचं राहूनच गेलं.

जुनं वल्हं
मग खरं उत्तर त्या पाकिटांत आहे. मासा कोणत्याही महिन्यात सापडो, त्याची आधीच्या वर्षांची वाढ खड्याच्या वलयांत नोंदलेली असते. खडा पातळ घासून वलयांमधली अंतरं मोजा. पाणी नितळ होत गेलं त्या वर्षांत अंतरं आक्रसत गेली असतील तर मासे खरोखर उपाशी होते. वलयांची अंतरं पहिल्या वर्षांत तशीही रुंदच असतात, म्हणून समान वयाची वलयंच एकमेकांशी ताडा. फक्त कानात खड्यांचे वेगवेगळे प्रकार असतात. कार्पमधे त्यातला सॅजिटा सुईसारखा नाजूक असतो, त्याच्या नादी लागू नका. ॲस्टेरिस्कस हा दुसरा प्रकार घ्या. तुमच्या पाकिटात कोणता आहे?

पाणकणीस
पाकिटावर नुसतं 'ऑटोलिथ' लिहिलंय. थांबा, एक उघडते.

चपटा आहे. गोलसर, कडेला दातेरी. उजेडात धरला तर आरपार दिसतो थोडा.

जुनं वल्हं
ॲस्टेरिस्कस. सोमवारच्या प्रकरणात के चा हंगाम आणि जाळं स्पष्ट लिहून द्या, तक्ता परिशिष्टात लपवू नका. आणि दहा खडे आजच राळेत बसवा.