लेखन कार्यशाळेत अडीच हजार घालून आलो, आता बोला

सातरस्ता_सायकल
मंडळी, मागच्या शनिवार-रविवारी आपल्या सोलापुरातच एका सर्जनशील लेखन कार्यशाळेला जाऊन आलो. संस्थेचं नाव घेत नाही, उगं भांडण नको. फी अडीच हजार, चहा-जेवण धरून. माणसं चाळीसेक. दहाची वेळ होती, सुरू झालं पावणेबाराला कारण उद्घाटक यायचे होते, मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग ज्यांना शाल मिळाली त्यांचं मनोगत, तोवर जेवण. जेवणात कडक भाकरी आणि शेंगा चटणी एक नंबर होती, खोटं कशाला बोलू. दुपारी मुख्य मार्गदर्शक बोलले, चांगलं बोलले, हसवलं पण, पण सगळं 'माझी अमुक कथा मला कशी सुचली' यावरच. रविवारी पात्ररचना तासभर, संवाद अर्धा तास, मार्गदर्शक दुपारच्या गाडीने पुण्याला, आणि उरलेल्या वेळात प्रत्येकानं उठून आपली एक कविता वाचायची. सगळ्यांना टाळ्या. सगळ्यांना सर्टिफिकेट.

दोन दिवसांत मी वहीत काय लिहिलं माहितेय का? नाव आणि तारीख.

मी बारा पानांची कथा नेली होती बे सोबत. कुणीतरी वाचंल, लाल पेनानं रेघोट्या मारंल असं वाटलेलं. जशी नेली तशी पिशवीतनं परत आणली. तर आता मला सांगा, लिहायला शिकवता येतंय का मुळात? का ही नुसती हौशी लोकांच्या खिशात हात घालायची सोय हाय?

खरंतर_वाचक
नाही येत शिकवता. विषय संपला.

आपल्याच जिल्ह्याकडे बघा ना. राम जोशी इथलेच, पेशवाईतले, त्यांच्या लावण्या दोनशे वर्षांनंतरही लोक म्हणतात. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे, १९८४ ला 'अक्करमाशी' आलं आणि मराठी आत्मकथनाला घाम फुटला. त्र्यं. वि. सरदेशमुख याच गावात राहून लिहीत होते, २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या कादंबरीला. यातल्या कुणाच्या गळ्यात कार्यशाळेचा बिल्ला होता? अडीच हजारात वाचनालयाची कित्येक वर्षांची वर्गणी भरून झाली असती तुमची. वाचा. भरपूर वाचा, मग गप्प बसून लिहा. चाळीस जणांत बसून कुणाला काही सुचत नसतं.

शेंगाचटणी_फॅनक्लब
आता कुणीतरी बहिणाबाईंचं नाव काढणार, मी घड्याळ लावून बसलोय

बाळे_टू_भैय्याचौक
मीच काढतो. बहिणाबाई कुठं शिकल्या होत्या? अक्षरओळख नव्हती माऊलीला.

शेंगाचटणी_फॅनक्लब
चार मिनिटं 😂

पण अर्धीच गोष्ट सांगताय राव. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, आईची गाणी उतरवून ठेवलेली वही त्यानं अत्र्यांना दाखवली, अत्रे अडून बसले की हे छापलंच पाहिजे, तेव्हा १९५२ ला पुस्तक आलं, आणि तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. म्हणजे प्रतिभा त्यांची, कबूल, पण हे सोनं हाय म्हणून ओळखणारं दुसरं कुणीतरी लागलंच ना. तो माणूस कुठं भेटतो तेवढं सांगा, मी पण अडीच हजार देतो.

पूर्वभाग_पावरलूम
वाचक साहेब, 'शिकवता येत नाही' हे लेखनाबद्दलच का ऐकू येतंय ओ? गाणं शिकतात, चित्रं काढायला शिकतात, तबल्याला तर उस्ताद हातावर मारतोय. माझे नाना चौदाव्या वर्षी कारखान्यात गेले, पहिलं वर्ष नुसत्या कांड्या भरल्या आणि तुटलेले धागे जोडले, माग चालवायला नंतर मिळाला. कोण म्हणालं नाही की विणकर जन्मालाच यावा लागतो. लेखकांनीच स्वतःभोवती आरती ओवाळून ठेवलीय.

खरंतर_वाचक
मागाची उपमा गोड आहे, पण फसवी आहे. चादरीचं डिझाइन आधीच ठरलेलं असतं, जकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून ठेवलेली असतात, कामगाराने मोर उलटा काढायचं ठरवलं तर मालक हाकलून देईल. कथेचं डिझाइन आधी ठरलं की कथा मेली. कार्यशाळेतून नेमकी तीच भोकं पाडलेली पुठ्ठी वाटतात, म्हणून सगळ्यांच्या कथा सारख्या येतात. सुरुवातीला पाऊस, मध्ये आईची आठवण, शेवटी धक्का.

पूर्वभाग_पावरलूम
आणि ते पुठ्ठ्याचं डिझाइन काय आभाळातनं पडतंय? ग्राफ पेपरवर चौकोन चौकोन रंगवत बसणारा माणूस असतोय आमच्या गल्लीत. तोही कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकला.

(पाऊस-आई-धक्का मात्र खरंय, मीपण लिहिलीय एक 🙈)

निवृत्त_मास्तर
मी स्वतः अशा कार्यशाळा भरवल्या आहेत, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो. चाळीस जण गुणिले अडीच हजार म्हणजे एक लाख. त्यातून हॉलचं भाडं, दोन दिवसांचं जेवण, पाहुण्यांचा प्रवास, लॉज, मानधन, बॅनर, फाइली. शिल्लक राहत नाही, बऱ्याचदा पदरचे जातात. मग देणगीदार शोधावा लागतो, आणि देणगीदाराला व्यासपीठावर न बसवता देणगी मिळाल्याचं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. शालीमागचं अर्थशास्त्र हे असं आहे. तुम्हाला ती शाल दिसली, मला तिच्यामुळे सुटलेलं हॉलचं भाडं दिसतं.

दुसरं. कार्यशाळा म्हणजे थोतांड असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा बघावी, १९३६ पासून चालू आहे. तिथली पद्धत साधी आहे. दहा-पंधरा जणांचा गट, ज्याची कथा असेल त्याने ती आधी सगळ्यांना वाटायची, सगळ्यांनी वाचून, खुणा करून यायचं, आणि चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्यच बंद. पानावर उतरलं ते खरं, पोटात राहिलं ते तुमचं. पण तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. आपण तो दोन दिवसांत बसवतो, त्यातला अर्धा दिवस उद्घाटनात जातो, ही आमची चूक, मान्य.

खरंतर_वाचक
मास्तर, आयोवाला आपले दिलीप चित्रेही गेले होते की. शिकायला गेले होते का?

निवृत्त_मास्तर
नाही. ते गेले ते तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात, तो वेगळा, १९६७ साली सुरू झालेला. नावारूपाला आलेल्या लेखकांना बोलावून राहायला जागा आणि लिहायला वेळ देतात, तासबीस काही नसतात. लोक दोन्हींची गल्लत करतात.

पाणी_आलं_का
'लिहायला वेळ देतात' हे वाचून पोटात कालवलं बघा. तुम्ही सगळे पुरुष लोक शिकवता येतं का नाही यावर भांडायलाय, माझं वेगळंच. मी मागच्या वर्षी एका कार्यशाळेला गेले ते काही शिकायला नव्हे, दोन दिवस घरातनं बाहेर बसून लिहायला मिळंल म्हणून. घरात वही उघडली की कुकरची शिट्टी, सासूबाईंची गोळी, आणि चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार त्या दिवशी तर विचारूच नका, पिंप, घागरी, बादल्या, वरची टाकी. फी भरली होती म्हणून घरचे 'जा' म्हणाले, फुकट असती तर जाऊ दिलं नसतं, हे लिहून ठेवा. तिथं एका बाईंनी वीस मिनिटं घड्याळ लावून दिलं, आपल्या स्वयंपाकघरातल्या एका भांड्याबद्दल थांबायचं नाही, खोडायचं नाही, नुसतं लिहायचं. मी पितळी डब्याबद्दल लिहायला बसले आणि मधेच आजोळ आलं, आजोबांची मिल बंद पडली ते आलं, आम्हाला मामाकडं का पाठवलं ते आलं. चार पानं. मला ठाऊकच नव्हतं ते माझ्यात हाय म्हणून. हे वाचनालयाच्या वर्गणीत मिळालं नसतं वाचक दादा.

खरंतर_वाचक
ताई, ही गोष्ट मान्य. पण तुमच्या चार पानांचं श्रेय मी कार्यशाळेला नाही, दार लावलेल्या खोलीला देईन.

पाणी_आलं_का
खोलीची पण फी असतेय ओ दादा.

नईजिंदगी_शायर
आमच्याकडं उर्दू शायरीत असं दाखवून दुरुस्त करून घेण्याला इस्लाह म्हणतात आणि ती पिढ्यानपिढ्या चालत आलीय. नवशिक्यानं गझल उस्तादला दाखवायची, उस्ताद कधी काफिया, म्हणजे यमक, चुकला म्हणून सांगतो, कधी एकच शब्द बदलून देतो आणि सगळा शेर उजळतो, दाखवल्याशिवाय मुशायऱ्यात वाचायची रीत नव्हती. इक्बाल तरुणपणी पंजाबातनं हैदराबादला उर्दूतले मोठे शायर दागसाहेबांकडं पोस्टानं गझला पाठवायचे दुरुस्तीला. थोड्याच दिवसांत दागनी कळवलं की यात आता दुरुस्तीला फारशी जागा नाही. बघा, ना हॉल ना बॅनर, पोस्टाचं तिकीट फक्त. आणि मराठीत सुरेश भटांनी तेच केलं की, 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या पोरांच्या हातात दिली, चुका दाखवल्या, वृत्त सांगितलं. आज मराठीत एवढे गझल लिहिणारे दिसतात ते काय सगळे जन्मतः आले का?

तेव्हा शिकवता येतं. चाळीस जणांना एकदम माईकवरून नाही येत, एवढंच.

भारूडप्रेमी_पंढरपूररोड
माझा राग वेगळाच. प्रत्येक कार्यशाळेत ते एक पालुपद, 'सांगू नका, दाखवा'. अरे का? आमचा कीर्तनकार पूर्वरंगात तासभर सांगतच असतो की, उत्तररंगात आख्यान लावतो तेही सांगूनच, आणि हजार माणूस हलत नाही जागचा. सांगायची आपली एवढी मोठी परंपरा सोडून 'तिने खिडकीकडे पाहिलं, चहा गार झाला होता' असलं लिहायचं. गार चहा पिऊन पिऊन पित्त झालं.

विडीवालीची_लेक
मी उशिरा आले, सगळं वाचलं, आता माझं ऐका.

माझी आई विड्या वळायची. दिवसाला हजार. पानं भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये जाऊन चेकरपुढं सूप ठेवायचं. तो बघायचा आणि छाट काढायचा, म्हणजे खराब विड्या बाजूला टाकायचा. ही सैल, हिचं तोंड नीट मुडपलं नाही, ही बारीक. छाट निघाली की तेवढे पैसे गेले, आणि तो बऱ्याचदा कारणच नसताना काढायचा हे पण खरं, आई शिव्या देत घरी यायची. पण आईच सांगायची, सुरुवातीला त्या छाटीतनंच हात बसला. कुठली विडी का काढली हे बघून बघून.

आता कार्यशाळा. मी पण गेलेय एकदा. माझ्या कथेतली बाई घरात तेलुगू बोलती, रस्त्यावर सोलापुरी मराठी बोलती, 'करायलंय, जायलंय' असलं. मार्गदर्शक म्हणाले छान आहे पण भाषा जरा शुद्ध करा, वाचकाला अडखळायला होतं. कुठल्या वाचकाला? आमच्या अशोक चौकात तर कोण अडखळत नाही. कथा सैल हाय का, शेवट कुठं फसला, ती बाई तिसऱ्या पानावर एकदम गायब का झाली, यातलं एक अक्षर नाही. म्हणजे छाट काढली, पण चांगल्या विडीची. आणि खराब होती ती 'व्वा व्वा' करून सूपात तशीच.

त्यामुळं सायकलवाले दादा, तुमची तक्रार मला पटतीय पण प्रश्न चुकलाय. शिकवता येतं का, हे सोडा. कथा हातात घेऊन नीट बघणारा चेकर मिळणार का, एवढं विचारून मगच फी भरा.

शेंगाचटणी_फॅनक्लब
धागा इथंच बंद करा, जिंकली ही

खरंतर_वाचक
बंद कशाला? मी अजून हरलेलो नाही. चेकर चांगला कोण हे कसं ठरवायचं? हिलाच भेटला तो 'शुद्ध करा' म्हणणारा, उद्या दुसऱ्या कुणी ते ऐकलं असतं आणि ती बाई पुण्याचं मराठी बोलायला लागली असती. वाईट मार्गदर्शकापेक्षा मार्गदर्शक नसलेला बरा, हेच माझं पहिल्यापासून म्हणणं आहे.

बाळे_टू_भैय्याचौक
आणि ते शेवटी 'प्रातिनिधिक संग्रह' काढतात त्याचं पण बोला की. कार्यशाळेत वाचलेली कविता छापणार, त्याचे वेगळे पैसे, वर दहा प्रती विकत घ्यायच्या. माझ्या कपाटात आठ पडल्यात. दोन मेहुण्याला दिल्या, त्यानं अजून प्लास्टिक फाडलं नाही.

निवृत्त_मास्तर
हे मात्र निव्वळ दुकान आहे, याचं समर्थन मी करणार नाही. पहिलं पुस्तक काढायचं असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित पाठवा. नाकारलं तरी दहा प्रती गळ्यात पडत नाहीत.

सातरस्ता_सायकल
बरं मग असं करू. सहा जण. मार्गदर्शक नाही, उद्घाटक नाही, फी नाही, झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्यानं. एका वेळी दोघांच्याच कथा, आठवडाभर आधी वाटायच्या, आणि लेखकानं गप्प बसायचं, मास्तरांनी सांगितलं तसं. येत्या रविवारी सकाळी नऊला माझ्या गच्चीवर, ऊन चढायच्या आत. माझी बारा पानं हायतच, पहिली तीच घ्या. वाचक साहेब, तुम्ही पण या, तुम्ही तर कुणाचीच भीड ठेवणार नाही.

खरंतर_वाचक
येईन. लिहिणार मात्र नाही.

पूर्वभाग_पावरलूम
दुसरी माझी घ्या. पाऊस काढून टाकतो, आई ठेवतो.

विडीवालीची_लेक
मी पण येते, पण सकाळचं नको, या रविवारी आमच्याकडं पाणी यायचंय. चारनंतर ठेवा. आणि दादा, ती बारा पानं आजच पाठवा, मी छाट काढूनच आणते.

पाणी_आलं_का
आमच्याकडं सोमवारी येणार. रविवारी मोकळी हाय मी. सहात मला धरा.