हाताने घडवलेल्या चांदीच्या कड्याला आरशासारखी चकाकी कशी आणावी?

रौप्यशिकाऊ, पुणे

नमस्कार. चांदीचे दागिने घडवण्याचे काम मी घरच्या घरी शिकत आहे. सध्या ९२.५ टंच चांदीचे एक साधे, नक्षी नसलेले कडे केले आहे. पट्टी तापवून वळवली, टोके झाळून जोडली, तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून काळेपणा काढला, सांधा कानशीने सपाट केला, त्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला आणि शेवटी छोट्या हँड मोटरला कापडी बफ (फिरती चकती) लावून लाल रूजने (चकाकी आणणाऱ्या पुडीने) घासले. कडे दुरून चांगले चमकते. परंतु दिव्याखाली तिरके धरले की बारीक रेघा दिसतात आणि सांध्याच्या आसपास ढगासारखा करडा डाग दिसतो. कितीही रूज लावले तरी तो जात नाही, उलट अधिकच उठून दिसू लागतो. मला मुलामा द्यायचा नाही, चांदीची स्वतःचीच चकाकी हवी आहे. मोठे बफिंग यंत्र न घेता हे शक्य आहे का, आणि असल्यास कोणत्या क्रमाने काम करावे?

पैंजणवाला, हुपरी

ताई, आपण दोन वेगळ्या अडचणी लिहिल्या आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. रेघांविषयी मी सांगतो. डागाविषयी जाणकारांनी लिहावे.

चकाकी बफवर येते असा समज सर्वत्र आहे, पण प्रत्यक्षात ती कागदावर घडते. रूज हे अतिशय बारीक लोहभस्म आहे. ते आधीच गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागाला उजाळा देते. ६०० नंबरच्या कागदाच्या रेघा कापण्याची ताकद त्यात नसते. अशा रेघांवर बफ दाबून धरला तर त्यांच्या कडा तेवढ्या गोलसर होतात, रेघा मात्र तळाशी तशाच राहतात आणि वर चमक चढल्यामुळे त्या आणखी ठळक दिसतात. शिवाय कड्याच्या धारा बोथट होतात आणि सांध्यात एखादे सूक्ष्म छिद्र असेल तर त्याच्या मागे शेपटासारखा ओरखडा ओढला जातो.

कागदाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, म्हणून कानशीनंतर ४०० पासून सुरुवात करून ६००, ८००, १२०० आणि २००० असे चढत जावे, आणि दर वेळी घासण्याची दिशा काटकोनात बदलावी. दिशा बदलण्याचा फायदा असा की आधीच्या कागदाची एकही रेघ उरली असेल तर ती नव्या रेघांना आडवी जाते आणि लगेच नजरेत भरते. ती दिसेनाशी होईपर्यंत पुढचा कागद हाती घेऊ नये. कागद बोटाने न दाबता सपाट लाकडी पट्टीला गुंडाळावा, म्हणजे पृष्ठभागाला लाटा येणार नाहीत. कड्याच्या आतल्या बाजूसाठी तोच कागद गोल दांडीला गुंडाळावा.

दोन कागदांच्या मध्ये कडे साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुवावे. ही पायरी अनेक जण गाळतात. खरखरीत कागदाचा एक कण जरी पुढच्या कागदाखाली आला, तरी सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. २००० नंतर तपकिरी ट्रिपोली (रूजपेक्षा थोडे खरखरीत पॉलिश), पुन्हा धुणे आणि मग रूज. ट्रिपोलीचा बफ आणि रूजचा बफ कायमचे वेगळे ठेवावेत, आणि डब्यांवर तसे लिहूनही ठेवावे.

धातूंची मास्तरीण

करड्या डागाविषयी लिहिते, कारण तो घासण्याचा नसून तापवण्याचा परिणाम असावा असे वर्णनावरून वाटते.

९२.५ टंच चांदीत हजार भागांत ९२५ भाग चांदी असते आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबे असते. असा मिश्रधातू उघड्या हवेत तापवला की प्राणवायू चांदीतून आत शिरतो आणि पृष्ठभागाखालच्या तांब्याशी संयोग पावून तेथे तांब्याचे ऑक्साइड तयार होते. वरचा काळा थर तुरटीच्या किंवा सौम्य आम्लाच्या पाण्यात विरघळतो, परंतु आतल्या थरापर्यंत ते पाणी पोहोचत नाही. दर वेळी तापवून आम्लात टाकल्यावर वरच्या कातडीतले तांबे निघून जाते आणि जवळजवळ शुद्ध चांदीचा पांढराशुभ्र पातळ पापुद्रा उरतो. डाग त्या पापुद्र्याखाली झाकलेला असतो. आपण पॉलिश करता तेव्हा पापुद्रा झिजतो आणि करडेपणा उघडा पडतो, म्हणूनच घासल्यावर तो वाढल्यासारखा भासतो. सांध्याला उष्णता सर्वांत जास्त आणि सर्वांत जास्त वेळ लागलेली असल्याने तो तिथेच दिसतो.

खात्री करायची असल्यास दिव्यापुढे पातळ पांढरा कागद धरून त्यातून गाळून आलेल्या उजेडात कडे पाहावे. थेट उजेडात फसवणारे भाग तेव्हा स्पष्ट होतात: स्वच्छ चांदी पांढरी दिसते आणि डाग जांभळट करडा.

घरी करण्याजोगे उपाय दोनच आहेत. एक म्हणजे ४०० च्या कागदावर परत जाऊन तेवढा थर पूर्ण उतरवणे. पत्रा पुरेसा जाड असेल तर हाच मार्ग उत्तम. दुसरा म्हणजे डाग राहू देऊन पांढरा पापुद्रा जपणे, पण त्यावर आरशाची चकाकी येणार नाही. काही ठिकाणी यासाठी नायट्रिक आम्ल वापरतात. त्याची वाफ फुफ्फुसांना घातक असल्यामुळे घरात त्याचा विचारही करू नये.

रौप्यशिकाऊ, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. पत्रा पुरेसा जाड आहे, त्यामुळे थर उतरवण्याचेच ठरवते. पुढच्या दागिन्याला हा डाग पडूच नये म्हणून काही करता येते का? तसेच पुढे मोत्यांच्या कुड्या करायच्या आहेत. त्यांची चकाकी कोणत्या टप्प्यावर आणावी?

धातूंची मास्तरीण

होय. बोरिक ॲसिडची पूड स्पिरिटमध्ये कालवून दागिना त्यात बुडवावा, बाहेर काढून बाटली दूर ठेवावी आणि मगच दागिना पेटवावा. हिरवी ज्योत विझल्यावर पांढरा थर उरतो आणि तो हवा अडवतो. झाळ नीट वाहावी म्हणून टाकणखार नेहमीप्रमाणे सांध्याला लावावाच. ज्योत मोठी व मऊ ठेवावी आणि झाळ (सांधा जोडणारा मिश्रधातू) वितळताच बाजूला करावी. एकाच जागी अनेकदा तापवण्यापेक्षा सांधा आधी नेमका बसवून एकदाच झाळणे नेहमी चांगले. आम्लाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नये. त्यामुळे पाण्यातले तांबे चांदीवर चढून दागिना गुलाबी होतो.

कुड्यांची घरे पूर्ण चकाकवून, धुऊन, वाळवून झाल्यावर मगच मोती बसवावेत. मोत्याला आम्ल, उष्णता आणि घासणे यांपैकी काहीही सोसत नाही.

जुना कारागीर, नाशिक

यंत्राविना चकाकी आणण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून हे लिहीत आहे. आमच्या कामात ओपणी हे फार मोलाचे हत्यार आहे. पोलादाची किंवा अकिकाच्या दगडाची, टोकाला गोलाकार आणि स्वतः आरशासारखी गुळगुळीत असलेली ही दांडी चांदीवर दाबून फिरवतात. बफ चांदी झिजवतो. ओपणी चांदी झिजवत नाही, ती पृष्ठभागाचे उंचवटे दाबून सपाट करते आणि त्यामुळे वरचा थर थोडा कडकही होतो. कड्याच्या धारा, कंगोरे आणि घराच्या कडा यांना ओपणीने जी धारदार चमक येते, ती बफने कधीच येत नाही असे माझे ठाम मत आहे.

कड्यावर रिठ्याचा फेस लावावा, म्हणजे ओपणी सरकते आणि अडकत नाही. छोट्या, एकमेकांवर चढणाऱ्या फटक्यांनी पुढे जावे. पृष्ठभाग १२०० च्या कागदापर्यंत आलेला असावा, कारण खोल ओरखडा ओपणीने दबत नाही, फक्त झाकला जातो. ओपणीलाच ओरखडा असेल तर तो प्रत्येक फटक्यात चांदीवर उमटेल. म्हणून ती काम झाल्यावर पुसून मऊ कापडात गुंडाळून ठेवावी. मोठ्या सपाट भागावर ओपणीच्या खुणा पट्ट्यांसारख्या दिसतात, तेव्हा तिथे लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या चामड्याला रूज लावून हाताने घासावे. वेळ लागतो, पण चकाकी समतल येते.

पैंजणवाला, हुपरी

दादांनी सांगितलेली चामड्याची पट्टी आपल्या कड्याला अगदी योग्य आहे. जाळीकामाच्या छिद्रांसाठी सुती दोरा रूजने माखून छिद्रातून ओढतात, हेही लक्षात ठेवावे.

तरीही हँड मोटर वापरणारच असाल तर केस बांधावेत, ओढणी काढून ठेवावी, चष्मा व मास्क लावावा आणि सुटी साखळी फिरत्या बफवर कधीही धरू नये. ती क्षणात गुंडाळली जाते आणि बोटही सोबत ओढते. साखळी चकाकवायची असल्यास लाकडी फळीवर ताणून बांधावी.

शेवटच्या रूजनंतर कडे साबण आणि गरम पाण्याने धुवावे, जुन्या मऊ सुती कापडाने टिपावे आणि बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून कडेने धरावे. टूथपेस्टने उजळू नये. त्यातली पूड नवे ओरखडे पाडते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, म्हणून कडे बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि पिशवीला रबरबँड लावू नये, कारण रबरातही गंधक असते.