परदेशात घर बांधताना पैसे उचलणारा आणि काम मोजणारा माणूस एकच असावा का? (बालीचा अनुभव, थोडं लांब आहे)

सुमेधा, कोथरूड

दादा आणि मी मिळून इंडोनेशियातल्या बालीत उबुदजवळ ३ आर जमीन २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. तिथेही जमीन आपल्या सातबारासारखी आरमध्येच मोजतात, म्हणजे जवळजवळ ३ गुंठे. दोन खोल्यांचं छोटं घर बांधायचं, वर्षातून दोन महिने आपण राहायचं, बाकी भाड्याने द्यायचं असा बेत. पुण्यात बसून रोज साइटवर जाणं शक्य नाही म्हणून प्रोजेक्ट मॅनेजर नेमला. तिथे दहाएक वर्षं राहणारा, आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. परदेशात कुणी 'काय ताई, जेवण झालं का?' विचारलं की आपण विरघळतो. आम्ही विरघळलो.

दर रविवारी व्हिडिओ यायचा. जोतं झालं, भिंती आल्या, मग स्लॅब टाकल्याचे फोटो आले आणि पुढच्या हप्त्याची मागणी आली. आमच्या प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात पांढऱ्या चाफ्याचं जुनं झाड आहे. सुरुवातीच्या प्रत्येक फोटोत ते दिसायचं. स्लॅबच्या फोटोत नव्हतं. आईनेच विचारलं, 'अगं, चाफा कुठे गेला?' मॅनेजर म्हणाला, ट्रकच्या वाटेत येत होता, तोडला. दादाला चैन पडेना, पंधरा दिवसांत आम्ही गेलो. चाफा जागेवर होता, फुललेला होता, आणि त्याच्यासमोर जोत्यावर गुडघाभर गवत होतं. भिंती नाहीत, स्लॅब तर नाहीच. ते फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी साइटचे.

जोत्याच्या बीममधून सळया बाहेर डोकावत होत्या. दादाच्या इंजिनियर मित्राने फोनवर सांगितलं, बरोबर एक मीटर तुकडा कापा आणि वजन करा. होमस्टेच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १० मिमीची सळी मीटरला ६१७ ग्रॅम भरायला हवी. भरली ४५६. बिल अर्थातच १० मिमीचं होतं.

पैसे गेले होते ६८ टक्के. तिथल्या एका स्वतंत्र मोजणीदाराने प्रत्यक्ष काम मोजलं, ते २९ टक्के निघालं.

आता माझं म्हणणं. आम्ही माणूस ओळखायला चुकलो, हे खरं. पण मोठी चूक ही की 'इतकं काम झालं' हे सांगणारा, 'इतके पैसे पाठवा' म्हणणारा आणि ते पैसे खर्च करणारा, तिन्ही आम्ही एकाच माणसात कोंबले. अशा जागी चांगला माणूससुद्धा घसरू शकतो. परदेशात बांधणाऱ्याने मोजणारा वेगळा नेमावा, त्याची फी स्वतः द्यावी, आणि कंत्राटदाराचे पैसे थेट कंत्राटदाराच्या खात्यात टाकावेत. मॅनेजरच्या हातून मोठी रक्कम जाऊच नये. तुमचं मत सांगा, विरोधातलंही सांगा. जोत्याच्या वरचं सगळं घर अजून बांधायचं आहे.


विवेक, औंध

सुमेधाताई, झालं ते वाईटच. खोटे फोटो पाठवणं ही सरळ फसवणूक आहे. पण तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. मी १८ वर्षं हेच काम करतोय, आधी मस्कतला, आता पुण्यात.

हातात पैसा नसलेल्या मॅनेजरला साइटवर कुणी विचारत नाही. सकाळी नऊला वाळूचा ट्रक दारात उभा असतो, त्याला रोख हवी असते. मालक पुण्यात झोपलेला असतो, कारण बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे दर २१० दिवसांनी गलुंगान हा सण येतो, त्यात बालीचे कामगार गावी जातात. जावाहून आलेले ईदला जातात. सणाआधी हातात काही पडलं नाही तर ते परतून दुसऱ्याच्या साइटवर उभे राहतात. हे सगळं सांभाळायला मॅनेजरकडे पैसा आणि अधिकार दोन्ही लागतात.

आणि मोजणारा वेगळा नेमला की तो मॅनेजरला मिळणार नाही कशावरून? मग तुम्ही दोघांना फी देऊन फसाल.

खरी गोम फी कशी ठरवली यात असते. तुम्ही खर्चावर टक्केवारी दिली होती का? दिली असेल तर खर्च वाढला की त्याची कमाई वाढते. ठरावीक रक्कम द्या, तीही टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा चतुर्थांश किल्ली हातात आल्यावर.


सुमेधा, कोथरूड

हो, १० टक्के होते. हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही, तुमचा मुद्दा मान्य. पण ठरावीक फी असती तरी त्याने गवताला स्लॅब म्हणून दाखवलंच असतं ना? कारण खरी चोरी फीमध्ये झाली नाही, हप्त्यात झाली.


आरसीसी काका, सदाशिव पेठ

३२ वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतोय म्हणून लिहितो. तुमच्या मित्राने सांगितलेला हिशेब प्रत्येक साइट सुपरवायझरला तोंडपाठ असतो: मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. ४५६ ग्रॅम म्हणजे सळी ८.६ मिमीची. जवळपास २६ टक्के लोखंड कमी. बाली भूकंपाच्या पट्ट्यात आहे, तिथे हे पैशापुरतं राहत नाही. आहे त्या जोत्यावर वर काही चढवण्याआधी स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून घ्या. यात चालढकल करू नका, पोरी.

विवेक, मोजणारा मिळून जाईल या भीतीने मोजणीच सोडायची, हे पटत नाही. आपल्या पीडब्ल्यूडीत मोजमाप वही असते. काम मोजणारा एक, त्याची तपासणी करणारा वरचा दुसरा, पैसे सोडणारी लेखाशाखा तिसरी. तिथेही भानगडी होतात, मी पाहिल्यात. पण तीन सह्या जमवायला तीन माणसं फोडावी लागतात. एका माणसाला तर फोडावंही लागत नाही.

दुसरं, झाकलं जाणारं काम. काँक्रीट ओतण्याआधीची सळई हीच काय ती पाहायची वेळ असते, नंतर काही दिसत नाही. त्या दिवशी मोजणारा साइटवर हजर नसेल तर ओतायचंच नाही, असं करारात लिहा. क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, भरताना त्यावर त्याच्यासमोर तारीख आणि सही कोरायची. ७ आणि २८ दिवसांचा अहवाल लॅबकडून थेट तुमच्या मेलवर, मॅनेजरमार्फत नाही. तिकडे काँक्रीटची के-२५०, के-३०० अशी प्रत सांगतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला तितके किलो. आपल्या एम-२५ च्या आसपास के-२५० येतं.


विवेक, औंध

काका, सळई पाहिल्याशिवाय ओतायचं नाही, हे शंभर टक्के. पण तीन गुंठ्यांतल्या दोन खोल्यांना पीडब्ल्यूडीची यंत्रणा लावली तर देखरेखीचाच खर्च घराइतका होईल. मोजणारा आला नाही म्हणून ओतणं चार दिवस थांबलं, पाऊस लागला, साचा फुगला, याचं नुकसान कोण भरणार?


आरसीसी काका, सदाशिव पेठ

मालक भरेल. आनंदाने भरेल. चार दिवसांचं नुकसान आणि ३९ टक्के पैसे बुडणं यात तुलनाच नाही.


प्राची, एरंडवणे (सीए)

कायद्याच्या दोन गोष्टी कुणीच काढल्या नाहीत म्हणून लिहिते, आणि माझं मत या दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं आहे: बांधूच नका, बांधलेलं घ्या.

फसल्यावर हातात काय राहतं ते बघा. पुण्याच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन इंडोनेशियात गेलात तर तो तिथे बजावला जात नाही, तिथे नव्याने दावा लावावा लागतो. लवादाचा निवाडा मात्र चालू शकतो, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत. म्हणजे करारात लवादाचं कलम असेल तरच काही आशा. शिवाय इंडोनेशियाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या व्यक्तीशी किंवा कंपनीशी केलेला करार त्यांच्या भाषेतही असावा लागतो. नुसता इंग्रजी करार असेल तर समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

जमिनीचंही तसंच. १९६० च्या त्यांच्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त त्यांच्या नागरिकाला. 'माझ्या बायकोच्या नावावर घेऊ, ती इथली आहे, बाजूला कागद करू' असं कुणी म्हणालं तर तो कागद कोर्टात टिकत नाही. सुमेधाताईंनी भाडेपट्टा घेतला, हे बरोबर केलं.

आता इकडची बाजू. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली पाठवता येतात, १० लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो. रिटर्नच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही मालमत्ता दाखवायची. विसरलात तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. सुमेधाताई, एक विचारते: पैसे नेमके कुणाच्या खात्यात पाठवले होते?


सुमेधा, कोथरूड

पहिले दोन हप्ते त्याच्या कंपनीच्या खात्यात. नंतर त्याच्या बायकोच्या, सिंगापूरच्या. 'तिकडे लवकर पोहोचतात ताई' असं म्हणाला होता.


प्राची, एरंडवणे (सीए)

तिथेच थांबायला हवं होतं. बँकेच्या फॉर्मवर तुम्ही मालमत्तेसाठी म्हणून सही केलीत आणि पैसे गेले तिसऱ्याच देशातल्या खासगी व्यक्तीकडे. त्याचं उत्तर त्याला नाही, तुम्हाला द्यावं लागेल. परदेशी पैसे पाठवल्याचे बँकेचे सगळे स्विफ्टचे कागद काढून ठेवा आणि आपल्या सीएला आजच दाखवा. माझा क्लायंट असता तर खातं बदलायला सांगितल्याच्या क्षणी पुढचा हप्ता रोखला असता, काम थांबलं तर थांबू दिलं असतं.


निखिल, सध्या आइंडहोवन

मी उलट्या बाजूने आहे. राहतो नेदरलँड्समध्ये, बांधतोय मुळशीत. आता माझ्यासाठी पुणंच परदेश. प्राचीताईंचं 'बांधलेलं घ्या' हे आम्हाला लागू पडत नाही, कारण जमीन आजोबांची आहे, तिथेच घर हवंय.

मॅनेजर नेमलाच नाही, मावसभावावर सोपवलं. फी नको म्हणाला. तीच चूक झाली. फी नाही म्हणून बिल मागायची सोय नाही. सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब विचारला तर मावशीचा फोन आईला. त्याने पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, बहुधा नसतीलच खाल्ले, पण मला कळायला मार्गच नाही. काकांचं म्हणणं मला म्हणून पटतं. परका मोजणारा असता तर नातं तरी वाचलं असतं.

आणि सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र कुणालाच देऊ नका, भावालाही नाही. परवानगी, वीज, पाणी अशा ठरावीक कामांपुरतंच द्या. इथून वकिलातीत साक्षांकित करून पाठवलेलं पत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, ते आमचं राहून गेलं आणि धावपळ झाली.


गौरी, विमाननगर

सगळं वाचलं. मला थोडं भांडायचंय.

माझी बहीण पाच वर्षं बालीत आहे. तिचं घर ज्या मॅनेजरने बांधलं, त्याने पहिल्याच भेटीत तिला एक जमीन घेऊ दिली नाही, कारण रस्ता शेजाऱ्याच्या भातखाचरातून जात होता आणि कागदावर वहिवाट नव्हती. ही गोष्ट कुठल्या मोजमाप वहीत बसते? तिथे सुबाक नावाची पाणीवाटपाची जुनी पद्धत आहे, खाचरांच्या पाटात भराव टाकला तर अख्खं गाव विरोधात जातं. हे सांभाळणारा माणूस विश्वासाशिवाय टिकत नाही. चांगल्या माणसांना कामाची कमी नसते. पहिल्या दिवसापासून चोर समजणाऱ्या मालकाकडे ते येतच नाहीत, आणि मग उरतात ते तुमच्या मॅनेजरसारखे.


सुमेधा, कोथरूड

गौरी, तुझं म्हणणं मी दोनदा वाचलं. वहिवाटीची गोष्ट खरंच मोलाची आहे, आणि तशी माणसं असतात. पण तुझी बहीण तिथेच राहते. तिला चाफा रोज दिसतो, आम्हाला दिसत नव्हता. समोर राहून विश्वास ठेवणं आणि साडेपाच हजार किलोमीटरवरून ठेवणं यात फरक आहे. हिशेब मागितल्याने जो दुखावला जातो, त्याच्याबरोबर मला आता काम करायचं नाही. मोजणाऱ्यामुळे प्रामाणिक मॅनेजरचंच रक्षण होतं असं मला वाटतं. उद्या काम रखडलं तर त्याच्या बाजूनेही कागद बोलेल.

विवेक, तुमचा रोख पैशाचा मुद्दा मात्र मी घेतेय. नव्या माणसाकडे पुढच्या टप्प्याच्या ५ टक्के रक्कम फुटकळ खर्चाला ठेवू, बिलं आली की तेवढीच पुन्हा भरू. फी ठरावीक. मोजणारा आणि लॅब आमच्याकडून. आणि प्रत्येक फोटोत चाफा दिसलाच पाहिजे, हे करारात दोन्ही भाषांत लिहिलंय.


विवेक, औंध

चाफ्याची अट चांगली आहे, त्याबरोबर त्या दिवशीच्या तारखेची पाटीही धरायला सांगा. लॅब मालकाने नेमावी, हे मी माझ्या पुढच्या कामापासून स्वतःच सुचवणार आहे. पण ५ टक्के पुरणार नाहीत, ताई. सणाच्या महिन्यात १० तरी ठेवा, नाहीतर कामगार परत येणार नाहीत.


आरसीसी काका, सदाशिव पेठ

५ च ठेव. सणाच्या आधी कामगारांची यादी मागव आणि उचल थेट त्यांच्या मुकादमाला दे. आणि जोत्याचा अहवाल आला की आधी मला पाठव, पैसे नंतर सोड.