पुस्तकाची चटक

कुत्रा पुस्तकं का फाडतो आणि नवऱ्याला त्याचं काहीच कसं वाटत नाही, असं एकीनं विचारलंय. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमचे हे "वाचतोय की गं तो!" म्हणून मोकळे होतात.

पहिल्याचं सांगते. पुस्तकाला आपल्या हातांचा वास असतो, आणि जुन्या बांधणीत खळ नाहीतर सरस. सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, मग कुत्र्याला तो सुटेल कसा? आमच्या मोत्यानं नवी गुळगुळीत पुस्तकं नुसती हुंगून सोडली आणि सासऱ्यांच्या बांधीव दिवाळी अंकांचा पुठ्ठा कोपऱ्यापासून शिस्तीत सोलला. शिवणीचा दोरा दातात लोंबतोय आणि शेपूट आपली हलतेच आहे!

त्यातून सोलापूरचा मे महिना, पारा 43च्या पुढे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांतून, तोही नावापुरता. बाकी सगळा भार धापेवर. दुपारी बाहेर नेता येत नाही, मग घरात हे उद्योग. सकाळी सहाच्या आत फिरवून आणा म्हटलं, तर ह्यांचं "आज नळाला पाणी यायचंय" तयार. पाणी आपल्याकडे रोज येत नाही, सबब मात्र रोज येते.

खालचा कप्पा रिकामा करा आणि चघळायला ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा द्या. शेंगाचटणी मात्र लावू नका. तिच्यातल्या लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ह्यांना तेवढं पटवायला जनावरांच्या डॉक्टरांनाच बोलावं लागलं.