खाडीतल्या मेलेल्या माशांचा व्हिडिओ गायब झाला, दाद कुठे मागायची?

मुळेतिसऱ्या:
गावाचं फेसबुक पान आणि यूट्यूब चॅनल आहे. खाडीतल्या मासेमारीवर ११ मिनिटांचा व्हिडिओ दोन्हीकडे टाकला होता. ओहोटीला चिखलात पडलेली बोय, शिंगाळी, मधे एखादी तांबोशी. बोलणारा थेट एका कारखान्याचं नाव घेऊन ‘विष सोडलंय’ म्हणतो. आठवड्याच्या आत यूट्यूबवरून व्हिडिओ गेला, फेसबुकची पोस्ट गेली आणि पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘काढा, नाहीतर गुन्हा दाखल होईल.’
प्रश्न तीन. हे सरकारने बंद केलंय का? नुसत्या फोनवर राहिलेल्या पोस्ट काढाव्यात का? गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तोच व्हिडिओ फिरतोय आणि ॲडमिन घाबरून बाहेर पडू म्हणतायत. त्यांच्यावर काही येतं का?

तारली:
आधी कोणी काढलं ते शोधा. उपाय त्यावरच ठरतो, आणि इथेच नव्वद टक्के लोक घाई करतात.
यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या ओळीत ‘निर्बंध’ असा रकाना असतो, तिथे कारण दिसतं. चॅनलच्या ईमेलवर पत्रही आलेलं असतं, स्पॅममध्ये बघा. सरकारच्या सांगण्यावरून बंद केलेला व्हिडिओ उघडायला गेलात तर ‘या देशात उपलब्ध नाही’ अशा अर्थाची पाटी दिसते आणि तो बाहेरच्या देशात चालू असतो. मस्कत-दुबईला गावचं कोणीतरी असेलच, त्याला लिंक उघडायला सांगा. तिकडेही नसेल तर सरकारी बंदीची शक्यता कमी, बहुधा कॉपीराइट किंवा कंपनीचे स्वतःचे नियम.
फेसबुकवर पानाच्या सेटिंगमध्ये ‘खात्याची स्थिती’ बघा. तिथे कोणता नियम मोडला ते लिहिलेलं असतं, आणि ‘निर्णय मान्य नाही’ हे बटणही तिथेच.
जे दिसेल त्याचा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वर लिंक आणि तारीख दिसेल असा.

मुळेतिसऱ्या:
बघितलं. यूट्यूबवर कॉपीराइटचा स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याची ताकीद, आहे. आम्ही एका बातमी वाहिनीची ४० सेकंदांची क्लिप मधे लावली होती. फेसबुकवर कारण ‘स्पॅम’. एकच लिंक पंचवीसतीस ग्रुपांत लागोपाठ टाकली होती म्हणून असेल. म्हणजे दोन्हीत सरकार नाहीच?

तारली:
नाही. पण कॉपीराइटचा वापर तोंड बंद करायला होतो, म्हणून ते हलकं घेऊ नका. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतं. पहिल्या स्ट्राइकला ‘कॉपीराइट स्कूल’ हा छोटा धडा पुरा करावा लागतो, मग ९० दिवसांनी तो उतरतो.
चालू घडामोडी सांगताना किंवा टीका करताना थोडा भाग वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतं. त्या आधारावर प्रतिनोटीस, म्हणजे ‘व्हिडिओ चुकीने काढलाय’ असं लेखी उत्तर, यूट्यूबला देता येते. दावेदाराने अमेरिकी कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. पण प्रतिनोटिशीतलं तुमचं खरं नाव-पत्ता समोरच्याला जातं. गावातल्या एकट्या पोराच्या नावावर चॅनल असेल तर हे आधी त्याला सांगा.
तुमच्या बाबतीत मी भांडणार नाही. ती ४० सेकंदं कापा आणि आपलंच चित्रण नव्याने चढवा. मेलेले मासे तुमचे, क्लिप त्यांची.
आणखी एक. मागे मंदिरात लाउडस्पीकरवर गाणं चालू असेल तर तेही आपोआप पकडलं जातं. तो स्ट्राइक नसतो, नुसता दावा असतो. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ते गाणं पुसता येतं, बोलणं बहुतेक टिकतं.
फेसबुकवर आधी ‘निर्णय मान्य नाही’ हे बटण दाबा. नाही ऐकलं तर त्यांच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. २४ तासांत पोच मिळायला हवी. त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील होतं. या समित्या २०२३ पासून आहेत. पुढच्या वेळी मात्र दिवसाला चारपाच ग्रुप, आणि प्रत्येक ठिकाणी वरची दोन वाक्यं वेगळी.

कोर्टाचीपायरी:
फोनबद्दल. फोन हा आदेश नव्हे. नम्रपणे एवढंच म्हणा, ‘साहेब, लेखी द्या.’ त्यात जावक क्रमांक, कलम, अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा आणि नेमकी कोणती लिंक, हे चारही हवं. निम्मे फोन इथेच थांबतात.
लेखी आलं तर कलम बघा. बहुतेकदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ असतं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९. ते दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी आहे. बदनामी (भारतीय न्याय संहिता ३५६) अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. उत्तरात हेच दोन ओळींत लिहा.
आयटी कायद्याचं कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं) दिसलं तर तो कागद रद्दी. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. त्या याचिकेमागचं कारण आपल्याच किनारपट्टीवरचं, २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून झालेली दोन मुलींची अटक.
पण नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस आली तर जायचंच. न जाणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं.
आणि नोटीस आल्यावर पोस्ट पुसू नका. पुरावा नष्ट केला असं म्हणायला जागा मिळते. यूट्यूबवर ‘खाजगी’ करा, फेसबुकवर संग्रहात हलवा.
पोलीस ठाण्यातून फेसबुकलाच ‘काढा’ म्हणून सांगता येतं का, तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून आयटी नियम ३(१)(ड) खाली असं कळवायला पोलिसांत किमान उपमहानिरीक्षक हुद्द्याचा, खास नेमलेला अधिकारी लागतो, आणि कारण व नेमकी लिंक द्यावी लागते. आयटी कायद्याच्या कलम ६९अ ची बंदी फक्त केंद्राची. तिची कारणं देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ठरलेली आहेत. कारखान्याची बदनामी त्यात नाही.

भडकलेलापापलेट:
एवढं कशाला? सरळ हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्धची याचिका, टाका. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे की नाही? मुंबईला एक दिवस जायचं.

कोर्टाचीपायरी:
अहो, मुंबई नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. रायगड मुंबईकडेच. आणि यात सरकारी आदेश कुठे आहे? रिट कोणाविरुद्ध टाकणार? कॉपीराइटचा दावा खाजगी, स्पॅमचा निर्णय खाजगी.
तुमचा खरा धोका वेगळा आहे, दिवाणी दावा. कारखाना कोर्टात जाऊन तुम्हाला न ऐकताच मनाई मिळवू शकतो. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, लावून ठेवा. ते ९० दिवस चालतं, मग नवं लावायचं. तालुक्याच्या कोर्टात लावाल तसं कारखान्याचं मुख्य कार्यालय मुंबईत असेल तर तिथेही लावा. व्हिडिओ तिकडेही पाहिला गेला, बदनामी तिकडे झाली, असं म्हणून दावा तिकडे टाकता येतो. लोक हेच विसरतात.
मनाई मिळालीच तर त्याच संहितेच्या ऑर्डर ३९ नियम ४ खाली ती उठवायला अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग-झी प्रकरणात सांगितलंय, की लेख सुनावणीआधी रोखायचा तर तो उघड खोटा किंवा दुष्ट हेतूचा दिसला पाहिजे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

भरतीचंवेळापत्रक:
सगळे कायदा सांगतायत, पण व्हिडिओतलं वाक्यच कच्चं आहे. ‘अमक्याने विष सोडलं’ हे सिद्ध कोण करणार? मासे पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी मरतात, पहिल्या पावसात वरून आलेल्या गाळानेही मरतात. खरं आणि लोकहिताचं असणं हा बदनामीच्या कलमातला पहिला अपवाद आहे, पण खरं ते दाखवायचं ओझं तुमच्यावर.
म्हणून दिसलं तेच बोला. ‘अमुक तारखेला सकाळी ६.४० ला, ओहोटी चालू असताना, जेटीपासून वरच्या बाजूला पाण्यावर तपकिरी फेस होता, अमुक जातीचे मासे मेलेले होते.’ भरती की ओहोटी हे सांगायलाच हवं, कारण ओहोटीला पाणी वरून खाली येतं आणि भरतीला समुद्राचं आत शिरतं. ते न सांगितल्यास समोरचा म्हणेल, घाण समुद्रातून आली. मग प्रश्न विचारा, ‘प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचा नमुना घेतला का?’
नमुना बाटलीत तुम्ही भरलात तर कोर्टात तो फारसा उभा राहत नाही. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने, ठरलेल्या रीतीने घ्यायचा असतो. मंडळाच्या तुमच्या भागातल्या उपप्रादेशिक कार्यालयाला त्याच दिवशी ईमेल करा, फोनही करा. दुसऱ्या भरतीने पाणी बदललं की मिळणारा आकडा निरुपयोगी. नंतर माहिती अधिकारात १० रुपये भरून सामू (पाणी किती आम्ल), बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याची मापं) आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा अहवाल मागा. मुदत ३० दिवस. तो कागद व्हिडिओत दाखवलात तर बोलायची गरजच उरत नाही.

तारली:
मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते, दर्जा जातो, तारीख-ठिकाण पुसलं जातं. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोनमधून थेट पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याच दिवशी एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, काढून ठेवा. ६४ अक्षरांची ओळ येते, फाइलचा एक कण बदलला तरी ती बदलते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र देताना हीच ओळ लागते.

मुळेतिसऱ्या:
सगळ्यांचे आभार. क्लिप कापून आणि बोलणं बदलून नव्याने टाकतो. कॅव्हेटचं उद्याच विचारतो. ॲडमिनचं राहिलं.

कोर्टाचीपायरी:
दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार नसतो. तसा संगनमताचा पुरावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. ॲडमिनने स्वतः पुढे ढकललं तर गोष्ट वेगळी. बाहेर पडून काही होत नाही, उलट सगळे ॲडमिन गेले की व्हॉट्सॲप आपोआप दुसऱ्या कोणा सदस्याला ॲडमिन करतं. तणावाचे चार दिवस ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे चालू ठेवा. आणि त्या जुन्या ११ मिनिटांच्या व्हिडिओचं फॉरवर्ड थांबवा, नवा तयार झाला की तोच टाका.