नवजात बाळ दत्तक घेताना विश्वासार्ह आणि परवडणारा मार्ग कसा ओळखावा?

चांदणवेल :
आम्ही उभयतांनी बराच विचार करून मूल दत्तक घेण्याचे ठरवले आहे आणि शक्य झाल्यास बाळ अगदी तान्हे असावे अशी आमची इच्छा आहे. सरकारी यंत्रणेत शुल्क नाममात्र आहे, पण किती वर्षे थांबावे लागेल हे कोणी सांगत नाही. परवानाधारक खासगी संस्थेचे शुल्क आमच्या बचतीच्या पलीकडे जाते. याखेरीज एक मध्यस्थ भेटला असून तो दोन महिन्यांत बाळ घरी आणून देण्याची खात्री देतो आणि निम्मी रक्कम आधीच मागतो. त्याच्याविषयी मन साशंक आहेच, परंतु उरलेल्या दोहोंतही पारख कशी करावी? कायदे देशागणिक बदलतात, म्हणून आमचा देश मुद्दाम लिहीत नाही.

अर्धविराम :
मध्यस्थाला आजच नकार कळवावा. बाळ जन्माला येण्याआधीच त्याची खात्री देणारा मनुष्य जे विकू पाहतो आहे, ते त्याच्या हातात नसतेच. आंतरदेशीय, म्हणजे एका देशातले मूल दुसऱ्या देशात दत्तक जाण्याच्या, दत्तकविधानासंबंधीच्या १९९३ च्या हेग कराराच्या चौथ्या कलमानुसार, जिथे मातेची संमती आवश्यक असते तिथे ती बाळाच्या जन्मानंतरच घेतलेली असावी लागते आणि ती पैशाच्या किंवा कोणत्याही मोबदल्याच्या आमिषाने मिळवलेली चालत नाही. करार आंतरदेशीय प्रकरणांपुरता असला, तरी देशांतर्गत मार्गाची पारख करतानाही हीच कसोटी लावावी. युरोपीय परिषदेच्या २००८ च्या सुधारित दत्तक करारात तर मातेच्या संमतीसाठी कायद्याने जी मुदत ठरवायची, ती प्रसूतीनंतर किमान सहा आठवड्यांची असावी असे म्हटले आहे. बाळंतपणाच्या थकव्यात घेतलेली सही ही विचारपूर्वक दिलेली संमती नव्हे, हे त्यामागचे साधे कारण आहे.

म्हणून खासगी संस्थेला पहिला प्रश्न असा विचारावा : जन्मानंतर मातेने बाळ स्वतःजवळच ठेवायचे ठरवले, तर आमच्या पैशांचे काय होईल? दत्तकविधान पूर्ण झाले तरच ज्या संस्थेला पैसे मिळतात, तिच्या कर्मचाऱ्याला मातेचे मन वळवण्याचा मोह होणारच. उलट गृहभेटीचा अहवाल, कायदेशीर काम, समुपदेशन अशा प्रत्यक्ष झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने शुल्क घेणाऱ्या आणि मातेचा निर्णय काहीही झाला तरी तिला स्वतंत्र समुपदेशक देणाऱ्या संस्थेवर मी अधिक विश्वास ठेवीन, मग तिचे शुल्क थोडे जास्त का असेना.

दोन ओंजळी :
आम्ही या वाटेने गेलो आहोत, म्हणून खर्चाविषयी लिहितो. आम्ही निवडलेल्या संस्थेचे प्राथमिक शुल्क इतरांपेक्षा कमी होते, आणि त्याच आकड्याला आम्ही भुललो. पुढे कागदपत्रांचे वेगळे, प्रवासाचे वेगळे, 'तातडीच्या कामाचे' वेगळे असे करत एकूण रक्कम दुसऱ्या संस्थेच्या अंदाजापुढे गेली आणि मधल्या टप्प्यावर माघार घेण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. त्यामुळे पहिल्याच भेटीत बाबवार आणि लेखी अंदाजपत्रक मागावे. 'देणगी' हा शब्द कुठे आला, तर ती ऐच्छिक आहे का आणि ती न दिल्यास आपला क्रम मागे जातो का, हेही विचारावे. हेग कराराचे ३२ वे कलम केवळ प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क घेण्यास परवानगी देते. त्यात न बसणारी रक्कम कितीही गोड शब्दांत मागितली, तरी तिचा खुलासा मागण्याचा संकोच करू नये.

एक गोष्ट मात्र पैशांहून अधिक सलते. आम्हाला बाळाच्या पूर्वेतिहासाचे जेमतेम अर्धे पान मिळाले. लेक सात वर्षांची असताना डॉक्टरांनी कुटुंबातील आजारांविषयी विचारले, तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते आणि ती माझ्याकडे पाहत होती. गर्भारपणातील तपासण्या, जन्माच्या वेळचे वजन, आईवडिलांचे आजार यांच्या नोंदी संस्था किती काळ जपते आणि मुलाला त्या पुढे कशा पाहता येतात, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पायवाट :
सरकारी मार्गात नाव लगेच नोंदवावे. नियम आड येत नसतील तर खासगी संस्थेचा विचार चालू असतानाही ते करता येईल. प्रतीक्षा लांबते याचे एक मोठे कारण असे, की निरोगी तान्ह्या बाळासाठी इच्छुक पालक पुष्कळ असतात आणि तशी बाळे फार थोडी. थोडे मोठे किंवा उपचारांची गरज असलेले मूल स्वीकारण्याची मनापासून तयारी असेल, तर ती प्रतीक्षा बहुधा कमी होते. केवळ रांग टाळण्यासाठी मात्र तसे लिहून देऊ नये. मध्यस्थाला एकच प्रश्न विचारून पाहावा : जन्मनोंदीत आईचे नाव कोणाचे असेल?

चांदणवेल :
विचारले. रुग्णालयातच आमची नावे लागतील, त्यामुळे न्यायालयाची कटकट उरणार नाही, असे तो अभिमानाने म्हणाला. म्हणजे दत्तकविधान नव्हे, खोटी जन्मनोंदच. त्याला नकार कळवला आहे. सरकारी नोंदणीचा अर्ज भरला असून खासगी संस्थेला अंदाजपत्रक, मातेचे समुपदेशन आणि नोंदींचे जतन यांविषयी लेखी विचारणा केली आहे. उत्तर आले, की येथेच लिहीन.