सीलॅकँथ सुरमईच्या खणात का नको? प्रदर्शनाच्या तक्त्यावरून चर्चा

सडा_आणि_समुद्र
रत्नागिरीतल्या मत्स्यप्रदर्शनासाठी तक्ता तयार होतोय. कच्च्या आराखड्यात सीलॅकँथ, म्हणजे खोल पाण्यातला लॅटिमेरिया नावाचा मासा, ‘हाडांचे मासे’ या खणात सुरमई, घोळ, तांबोशी यांच्या पंगतीला बसवलाय. खाली ओळ आहे: ‘40 कोटी वर्षांत काहीच न बदललेला मासा’. माझ्या मते दोन्ही चूक. सुरमई, घोळ, अगदी बोंबीलसुद्धा किरणपर मासे, म्हणजे पर नुसत्या काड्यांसारख्या किरणांवर ताणलेले. सीलॅकँथ, फुप्फुसमासे आणि चार पायांचे सगळे प्राणी ही दुसरी शाखा, मांसलपरांची, म्हणजे पर किंवा पाय मांसल देठावर असलेल्यांची. वंशावळीत सीलॅकँथ सुरमईपेक्षा आपल्याला जवळचा आहे.

रापणकर
तक्ता कोणासाठी आहे ते आधी ठरवा. बघायला येणार शाळेतली पोरं. पाण्यात राहतो, कल्ल्यांनी श्वास घेतो, अंगावर खवले, म्हणजे मासा. तुमच्या हिशेबाने माणूसही मांसलपर ठरतो. मग ‘मासे’ हा खणच मोडीत निघतो की!

सडा_आणि_समुद्र
निघू दे. वर मथळा ‘मासे’ ठेवा, पण आत खण नकोत, फांद्या काढा. आणि फरक पोरांना डोळ्यांनी दाखवता येतो. सुरमईच्या छातीचा पर मुळाशी कापून बघा: आधाराची लहान हाडं ओळीने अंगातच बसलेली असतात, बाहेर नुसते किरण. सीलॅकँथचा पर खांद्याला एकाच हाडाने जोडलेला, पुढे मांसल देठात हाडांची साखळी, किरण शेवटी. आपलं दंडाचं हाड आणि ते पहिलं हाड एकाच मुळाचं. शेजारी-शेजारी दोन रेखाटनं लावली की भाषण द्यावं लागत नाही.

खाडीकाठ
शाखेबद्दल सहमत, पण एक धोका आहे. असं चित्र निघालं की कोणीतरी मासा, मग सीलॅकँथ, मग बेडूक अशी रांग लावतोच. 2013 साली सीलॅकँथचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात चार पायांच्या प्राण्यांना सर्वांत जवळचे फुप्फुसमासे ठरले. म्हणून क्रम असा: आधी किरणपर वेगळे फुटतात, मग सीलॅकँथ, मग फुप्फुसमासे, उरलेल्या फांदीवर आपण. सीलॅकँथ बेडकाचा आजोबा नव्हे. आणि तो तळावर ‘चालतो’ असंही लिहू नका. उजवा पुढचा आणि डावा मागचा पर एकत्र हलतात हे खरं, पण तो पोहताना.

जांभा
‘काहीच न बदललेला’ काढा, पण उलट्या टोकालाही जाऊ नका. त्याच जनुकसंचात प्रथिनांची जनुकं चार पायांच्या प्राण्यांपेक्षा सावकाश बदललेली दिसली. इंग्लंडच्या खडूच्या खडकातला मॅक्रोपोमा हा जीवाश्म सीलॅकँथ लॅटिमेरियाशेजारी ठेवलात तर नातं सांगावं लागत नाही. सामान्य वाचकाला ‘फारसा न बदललेला’ चालेल.

सडा_आणि_समुद्र
‘फारसा’सुद्धा फक्त लॅटिमेरिया आणि मॅक्रोपोमा बघितले तरच शोभतं. बाकीचं खानदान बघा, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भूकाळांतलं, जुन्याकडून नव्याकडे. डेव्होनियनमधल्या मिगुआशाइयाची शेपटी तीन पाळ्यांची नव्हे, वर वळलेली, मुशीसारखी (शार्कसारखी). कार्बोनिफेरसमधला अॅलेनिप्टेरस पाठीवर कुबड घेऊन निमुळता होत जाणारा. ट्रायासिकमधल्या रेबेलॅट्रिक्सला दुभंगलेली शेपटी, वेगाने पोहणाऱ्या शिकाऱ्याची. स्वित्झर्लंडचा फोरेया आखूड, गोलमटोल, डोक्याला घुमट. क्रिटेशसमधला मॉसोनिया 4 मीटरच्या वर, तोही नदी-खाडीत. मॅक्रोपोमाच्या फुप्फुसाला हाडासारखं कठीण कवच होतं. लॅटिमेरियाचं फुप्फुस नावापुरतं उरलंय, तरंगायला चरबीने भरलेला अवयव. घोळीच्या भोतासारखं (पोटातल्या हवेच्या पिशवीसारखं) काही मिळेल म्हणून पोट फाडणाऱ्याच्या हाती तेल लागेल.

न बदललेलं काय ते नेमकं लिहा: कवटीतला मधला सांधा, नाकाडातलं विद्युतसंवेदी इंद्रिय, कण्याऐवजी पृष्ठरज्जू (मणके नसलेला लवचीक दांडा), आणि दुसऱ्या पाठपरालाही मांसल देठ.

जांभा
एवढं लांबण फलकावर मावणार नाही. दोन ओळी सांगा.

रापणकर
त्याआधी दुसरं. ‘आपल्याकडे सीलॅकँथ सापडला’ असा फोटो दर पावसाळ्यात फिरतो. प्रदर्शनात पहिला प्रश्न तोच येणार.

खाडीकाठ
आधी पाठपर मोजायला सांगा. लोबोटेस नावाचा मासा आपल्या पाण्यात मिळतो. त्याचा पाठपर आणि गुदपर मागे गोल होऊन शेपटीला भिडतात, म्हणून तीन शेपट्या दिसतात. पण पाठपर एकच. सीलॅकँथला दोन सुटे पाठपर असतात, शेपटीच्या मधोमध लहानसा तुरा असतो आणि पर देठावर उभे असतात. नुसत्या गोल शेपटीवरून हेकरू माशालाही सीलॅकँथ ठरवतात, तेव्हा आधी देठ शोधा.

तो इथे का नाही, हेही लिहा. त्याला दिवसा लपायला खोल उतारावरच्या कपारी लागतात, बहुधा 100 ते 300 मीटरवर. आपला उथळ तळ रुंद आणि चिखलाचा. पुढे अरबी समुद्रात साधारण 150 मीटरखाली प्राणवायूच कमी, आणि याच्या कल्ल्यांचं क्षेत्रफळ बेताचं. दोन्हींमुळे आशा धरण्यासारखं नाही.

सडा_आणि_समुद्र
जीवाश्मही कोकणात शोधू नका. आपला कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि सीलॅकँथचे शेवटचे जीवाश्मही साधारण त्याच काळापर्यंतचे. भारतातला पुरावा प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा स्तरांतला: इंडोसीलॅकँथस रोबस्टस, ज्युरासिकचा, 1974 साली नोंदलेला.

जांभा, या घ्या दोन ओळी: ‘सीलॅकँथ कुळ 40 कोटी वर्षांहून जुनं, त्यात नाना आकार होऊन गेले. आज एकच प्रजाती-गट उरलाय, लॅटिमेरिया, त्यात दोन जाती: 1938 ला दक्षिण आफ्रिकेत मिळालेली आणि 1999 ला नाव मिळालेली इंडोनेशियाची.’

जांभा
चालेल. पण आमच्या बाजूचं ‘सावकाश बदलणारी जनुकं’ तिसऱ्या ओळीत घाला, नाहीतर मी सही करत नाही.

रापणकर
आणि ‘मासे’ हा मथळा मोठ्या अक्षरात.